मोटेलातले रोजे

रिटायर झाल्यावर ओळखीच्या बायका भिशी लावतात, गुडघे बदलून घेतात, नातवंडांना रविवारच्या मराठी शाळेत सोडतात. मी मदरशात नोकरी धरली. आमच्या ह्यांनी हे वाक्य टेक्सासातल्या आमच्या अर्विंगच्या गणेश मंडळात इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी मीच वैतागून म्हटलं, "आता पत्रिका छापा आणि अक्षता घेऊन घरोघर वाटा."

झालं असं, की ज्या हॉस्पिटलात मी अख्खी नोकरी नर्स म्हणून काढली, तिथल्याच लॅबमध्ये एक हैदराबादची बाई होती. ती माझ्याआधी रिटायर झाली आणि मुलींच्या एका इस्लामी बोर्डिंग शाळेची प्रिन्सिपॉल होऊन बसली. शाळेत सगळे तिला बडी आपा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. एक दिवस तिचा फोन आला. "घर में बैठको क्या कर रईं? मेरे पास इत्ती बच्चियाँ हैं और एक भी नर्स टिकती नै." मी म्हटलं, अगं, मी हिंदू, त्यातून नागपूरची, तोंडाने फटकळ. तुझ्या शाळेत माझं काय काम? ती म्हणाली, "मेरे को बुखार नापने वाली होना, नमाज पढ़ाने वाली नै." पुढच्या सोमवारी मी रुजू झाले.

शाळा घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर, हायवेला अगदी लागून, एका बंद पडलेल्या मोटेलात होती. दोन मजले, बाहेरून लांबच लांब गॅलरी, प्रत्येक खोलीत दोन पलंग. स्विमिंग पूल बुजवून त्यावर व्हॉलीबॉलचं कोर्ट केलेलं. फुकट ब्रेकफास्टच्या हॉलमध्ये मुलींची जेवणं, आणि रिसेप्शनमध्ये माझा दवाखाना. काउंटरच्या मागे किल्ल्या अडकवायचे हुक होते, त्यांवर मी खोलीच्या नंबराप्रमाणे दमेकरी मुलींचे इनहेलर अडकवले. रस्त्यावरचा मोटेलचा उंच बोर्ड उतरवायला क्रेन लागणार म्हणून तो कुणी उतरवलाच नव्हता.

त्यामुळे अधूनमधून एखादा ट्रकवाला तारवटलेले डोळे घेऊन आत यायचा आणि खोली मागायचा. समोर नर्सचा स्क्रब घातलेली, टिकली लावलेली मी. भिंतीला टेकून, डोक्यावरून स्कार्फ घेतलेल्या दहा-बारा पोटदुख्या मुली. आणि मागच्या हॉलमधून घुमणारं कुराणाचं पाठांतर. माणूस डोक्यावरची टोपी काढायचा, "सॉरी मॅम" म्हणायचा आणि उलट पावली चालू लागायचा. एक जण मात्र थांबला आणि म्हणाला, आलोच आहे तर बघा, मला ताप वाटतोय. बघते तर खरंच होता. मी त्याला गोळी दिली, सोबत मुलींनी त्याला खजूर दिले.

पहिल्याच दिवशी बडी आपाने बजावलं, की कॅप्सूल देताना जिलेटिन बघून घे, डुकराचं असतं. मी म्हटलं, बाई गं, हे तू मला शिकवू नकोस. या देशात उतरल्यापासून मी दुकानात उभी राहून दही, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या सगळं उलटं करकरून जिलेटिन वाचत आले आहे. आमच्या सासूबाई तर तिकडून फोनवर विचारायच्या, "त्या साबणात काही नाही ना गं?" या एका बाबतीत मी त्या शाळेतल्या कुणाहीपेक्षा जास्त कट्टर निघाले.

पोटदुखीचं गणित मला आठवड्याभरात कळलं. गुरुवारी पाठांतर म्हणून दाखवायचं असायचं, म्हणून बुधवारी दुपारपासून पोटं दुखायला लागायची. मी फ्रिस्कोच्या देशी दुकानातून ओवा आणला आणि त्याचं कडूजहर पाणी उकळून थर्मासात भरून ठेवलं. खरं पोट दुखणारी पोरगी ते नाक दाबून पिते. खोटं दुखणारी वासानेच बरी होते आणि "आय फील बेटर, आंटी" म्हणून पळते. हॉस्पिटलात एवढी मशिनं होती, पण एवढं अचूक निदान मी तिथे कधी केलं नव्हतं.

आणि मग रमजान लागला आणि माझा दवाखाना ओस पडला. मला वाटलं, वा, पोरी सुधारल्या. डोंबल सुधारल्या! आजारी माणसाला रोजा माफ असतो, आणि कुणाला माफ करायचा ते नर्स आंटी सांगणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे एरवी वर्षभर आजाराची सोंगं करणाऱ्या पोरी आता तब्येतीची सोंगं करायला लागल्या. ताप असलेली मुलगी थर्मामीटर लावण्याआधी बर्फाच्या मशीनकडे जाऊन कपाळाला बर्फ चोळून यायची. खोकला आला की उशीत तोंड खुपसायच्या. एकीचा पाय व्हॉलीबॉल खेळताना मुरगळून भोपळ्याएवढा झाला, तरी ती माझ्यासमोरून हसत हसत, न लंगडता चालून गेली आणि कोपऱ्यावर वळल्यावर मटकन खाली बसली. मी हातात ओव्याचं पाणी घेऊन गॅलरीतून आजारी मुली शोधत फिरायची.

ज्या सापडायच्या त्यांचे प्रश्न सुरू. डोळ्यात ड्रॉप टाकला तर रोजा मोडतो का? इनहेलरने मोडतो? थर्मामीटर जिभेखाली ठेवला तर? मला काय कपाळ कळणार! मी गॅलरीत जाऊन प्रश्न ओरडायची, बडी आपा वरच्या मजल्यावरून उत्तर ओरडायची. ट्रकवाले शेजारच्या पंपावर डिझेल भरता भरता ऐकायचे. पण मला खोटं कशाला बोलायचं, यात काही नवल वाटलं नाही. उपासाला जिरं चालतं की नाही यावरून दोन सख्ख्या जावा बोलायच्या बंद झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. साबुदाणा चालतो, भगर चालते, बटाटा चालतो, हळद चालत नाही. का? तर चालत नाही.

हे मी मुलींना सांगितलं आणि चूक केली. "म्हणजे फास्टिंगमध्ये तुम्ही पोटॅटो चिप्स खाता?" हो. "आणि खिचडी?" साबुदाण्याची, हो. "पाणी?" पाणी, चहा, ताक, पन्हं. सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण अगदी आदराने म्हणाली, "आंटी, मग तुम्ही नक्की काय सोडता?" मी त्यांना "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण अर्थासकट शिकवली. दुसऱ्या दिवसापासून इफ्तारला कुणी दुसऱ्यांदा बिर्याणी घेतली की टेबलावरून एकसुरात "दुप्पट खाशी!" असा गजर व्हायचा. मराठीच्या प्रसाराचं माझं एवढंच काम.

आता त्या मुलीबद्दल. ती तेरा वर्षांची होती, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून आलेली. घरचे मूळ चिपळूणकडचे, त्यामुळे आई माझ्याशी फोनवर लख्ख मराठी बोलायची. मुलीला आजीमुळे मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र इंग्रजीत. काही हवं असलं की तेवढ्यापुरती मराठी बाहेर यायची आणि मी आंटीची मावशी व्हायची. तिला लहानपणापासून डायबेटिस, रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा. दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला, तो साखर मोजून आकडा फोनवर पाठवायचा. शाळेत फोनला बंदी, पण तिच्यापुरती सूट होती. तिच्या फोनवरचा आकडा माझ्याही फोनवर दिसायचा, आणि पार्सिपनीत तिच्या आईच्याही.

तिचा रोजा माफ होता. डॉक्टरांनी सांगितलं, आईने सांगितलं, बडी आपाने सांगितलं. पाळी आलेल्या मुलींनाही रोजा माफ असतो. त्यांना बाकीच्यांसमोर खायला अवघडल्यासारखं होतं, म्हणून जुन्या लाँड्रीच्या खोलीत त्यांच्या जेवणाची सोय केली होती. मुली तिला क्लब म्हणायच्या. क्लबातल्या मुली आठवड्याने बदलायच्या. ही एकटीच कायमची मेंबर. दुपारी माझ्याकडे येऊन इन्सुलिन घ्यायचं आणि क्लबात जाऊन जेवायचं, असं ठरलेलं.

आणि इथे माझा पडदा येतो. मी हिंदू बाई, मुलींच्या शाळेत, कुठे काही चुकायला नको म्हणून मी दवाखान्यात जाड पडदा लावला होता. बडी आपा म्हणाली, औरतों में औरतों का काहे का पर्दा? मी म्हटलं, असू दे. कुणाला बाही वर करायची असली, स्कार्फ काढायचा असला, की मी पडदा ओढायची आणि वर पाठही फिरवायची. कुणी सांगितलं नव्हतं, माझा आपला आगाऊपणा. रमजानच्या पहिल्या आठवड्यात सेन्सर बदलायचा दिवस आला. ती तिच्या मैत्रिणीला घेऊन आली, तिच्याच खोलीतली, दुसऱ्या पलंगावरची. "मावशी, ही लावेल मला. तुम्ही नका बघू, हं." मी म्हटलं, बरं बाळा, आणि पाठ करून इनहेलरवरची धूळ पुसत बसले. आतून खुसूखुसू हसू आलं. दोघी बाहेर आल्या, चारही बाह्या मनगटापर्यंत खाली.

त्या दिवसापासून तिची साखर अशी काही सुधारली की विचारू नका. सकाळी शंभरच्या आत, जेवल्यावर जराशी टेकडी, की पुन्हा सरळ रेघ. पोरगी वेळच्या वेळी पडद्याआड इन्सुलिनचं पेन घेऊन जाते, क्लबात जाऊन जेवते, आणि काय तो ग्राफ! तिच्या डॉक्टरांनी कळवलं, जे करताय तेच करत राहा. तिची आई फोनवर रडली. "मावशी, इतकी वर्षं मला जमलं नाही ते तुम्ही केलंत." मी म्हटलं, अगं, शिस्त लागते, शिस्त. फुशारून गेले होते मी. घरी जेवताना ह्यांना ग्राफ दाखवला. हे पुण्याचे, तेही इंजिनिअर. चष्मा वर करून म्हणाले, "इतका चांगला डेटा आला, तर आम्ही आधी सेन्सर तपासायचो." मी म्हटलं, तुम्हाला मेलं माझं कौतुकच बघवत नाही.

मग ती दुपार. इफ्तारला अजून वेळ होता, पण ऊन कलायला लागलं होतं. मुली व्हॉलीबॉल खेळत होत्या. उपाशीपोटी कसलं व्हॉलीबॉल, असं माझं शंभर वेळा ओरडून झालं होतं. मी काउंटरवर होते आणि दारातून ती आली, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून. तोंड पांढरंफटक, ओठांच्या वर घामाचे थेंब, डोळे माझ्याकडे पण बघणं भलतीकडेच. मी फोन बघितला. अठ्ठ्याण्णव. बाण सरळ. इतका सुंदर आकडा, आणि समोर पोरगी हलतेय.

मी एकदा फोनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग फोन काउंटरवर आदळला, तिला खुर्चीत बसवलं आणि बोटाला सुई टोचली. चव्वेचाळीस. चव्वेचाळीसला माणूस बोलत बोलत बेशुद्ध होतो, आणि पुढचं मला बोलवत नाही. मी ज्यूसचा डबा फोडून तिच्या तोंडाला लावला. तिने दात आवळले.

"नाही."

"अगं, नाही काय? पी!"

"माझा रोजा आहे."

आता मैत्रिणीला रडू फुटलं. तिने सरळ बाही वर केली. दंडावर सेन्सर. हिचा सेन्सर, तिच्या दंडावर! गेले कित्येक दिवस मी, डॉक्टर आणि पार्सिपनीची आई मिळून एका ठणठणीत मुलीच्या साखरेचं कौतुक करत होतो. सुरुवातीला ती मैत्रीण क्लबात होती, तेव्हा हिच्या ताटातलंही तीच जेवायची, म्हणून ती टेकडी. पुढे दुपारची टेकडी गेली, ती मी शिस्तीच्या खात्यात जमा केली होती. दोघी एका खोलीत, एका बाकावर, फोन कायम जवळ, त्यामुळे कुठे खंड नाही. दुपारचं इन्सुलिन ही पडद्याआड हवेत मारत होती. रात्रीचं आणि पहाटेच्या सहरीच्या जेवणाचं मात्र गुपचूप बोट टोचून, हिशोबाने घेत होती. पोरगी हुशार, त्यात वाद नाही. मी तिच्या अकलेला मनातल्या मनात सलाम करत होते आणि तोंडाने तिला शिव्या देत होते.

"पी म्हणते ना!"

"मावशी, इंजेक्शन द्या ना," ती अडखळत म्हणाली. "साखर वाढवायचं असतं ते. इंजेक्शनने रोजा मोडत नाही. मी वाचलंय."

"ते बेशुद्ध पडलेल्या माणसाला देतात!"

"मग थांबा, मी पडते बेशुद्ध."

अगं कर्म माझं! पस्तीस वर्षांत पेशंटने मला असं सांगितलं नव्हतं. मी एका हाताने इंजेक्शनचा डबा उघडून ठेवला, कारण ती खरंच पडली असती. दुसऱ्या हाताने ज्यूस. "हे बघ, तू पी. पाप माझ्या माथी."

"तसं नसतं, मावशी. दुसऱ्याला नाही घेता येत."

"आमच्यात येतं! आमच्यात आई-मावश्या पिढ्यान्‌पिढ्या पापं डोक्यावर घेत आल्या आहेत. पी!"

एवढ्यात बडी आपा जिना उतरून आली. तिने काही विचारलं नाही. चव्वेचाळीसचा आकडा बघितला, लॅबमधली बाई ती. माझ्या हातातला ज्यूस घेतला, दुखऱ्या गुडघ्यांवर जमिनीवर बसली आणि ज्यूसची नळी मुलीच्या ओठांना टेकवली. "बेटी, तेरी जान अल्ला की अमानत है. अमानत में खयानत नै करते. पी ले." पोरगी प्यायली. माझ्याकडे रोखून बघत प्यायली, जसं काही मी तिचं घर लुटत होते. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या. मग दुसरा डबा. मग पुन्हा बोट टोचलं, आकडा वर चढला होता.

मग मात्र माझा तोल सुटला. मी दोघींना असं काही फैलावर घेतलं की गॅलरीत मुली गोळा झाल्या. मेली असतीस! तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? एवढी कसली हौस उपाशी राहायची? मैत्रीण हुंदके देत होती. तिने सांगितलं, की रोज दुपारी उशिरा हिची साखर घसरायची आणि ही बाथरूममध्ये जाऊन ग्लुकोजची गोळी खायची आणि रडायची. एकही रोजा शेवटपर्यंत गेला नव्हता. म्हणून आज सकाळी हिने उरलेल्या सगळ्या गोळ्या फ्लश करून टाकल्या होत्या.

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, सावकाश, मराठी शब्द शोधत. "सगळ्यांचा रोजा असतो. माझं फक्त डाएट असतं."

मी तिचं तोंड ओल्या टॉवेलने पुसलं आणि आत जाऊन रडून आले. त्याची मला लाज वाटत नाही.

बडी आपाने आईला फोन लावून दिला. आई दुसऱ्याच दिवशी विमानाने यायला निघाली होती. पोरीला घेऊन जाते, झालं तेवढं पुरे, म्हणाली. तिचं काय चुकलं? मी असते तर रात्रीच निघाले असते. पण मुलीला ही शाळा सोडायची नव्हती. अर्धं कुराण पाठ झालं होतं तिचं, मैत्रिणी इथे होत्या. आणि मला दिसत होतं, की घरी नेलं तर ही पार्सिपनीत असंच काहीतरी करणार, आणि तिथे चोवीस तास बघायला मी नसणार. मी आईला म्हटलं, थांब. मला डॉक्टरांशी बोलू दे.

डॉक्टर आधी नाहीच म्हणाले. मी त्यांना म्हटलं, साहेब, पोरगी चोरून करतेच आहे, तुम्ही समोर करू द्या. मग बऱ्याच घासाघाशीनंतर ठरलं. एक दिवस, एकच. इन्सुलिन कमी करायचं. सेन्सर स्वतःच्या दंडावर, आणि तो मी लावणार, पडदा न ओढता. बोट वारंवार टोचायचं. सत्तरच्या खाली गेली, की वेळ कितीही झालेली असो, ज्यूस. दिवसभर माझ्या नजरेसमोर बसायचं. आई तयार झाली, पण फोन कानाला लावून ठेवणार म्हणाली. बडी आपा म्हणाली, "और अगर तोड़ना पड़ा तो बिना ड्रामे के." मुलीने मान डोलावली. हे सगळं ठरल्याबरहुकूम पार पडलं तर ती राहणार, नाहीतर आई येणार.

त्या दिवशी मी डबा नेला नाही. म्हटलं, दिवसभर ती पोरगी समोर बसणार आणि मी तिच्यादेखत पोळीभाजी खाऊ की काय? मग पाणी तरी कसं प्यावं? ह्यांनी पहाटे पोहे केले आणि म्हणाले, "बघ हं, तुला चहा न मिळाल्यावर तू माणसात नसतेस." ते खरंच आहे.

सकाळ छान गेली. ती काउंटरमागे माझ्या शेजारी बसून पाठांतर करत होती, मी बँडेजचे खोके आवरत होते. आकडे चांगले. दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं. खोली मागायला एक ट्रकवाला आला, त्याच्या हातात बर्फ घातलेला कोकचा मोठा ग्लास होता आणि मी त्याच्याशी इतकी तुसड्यासारखी बोलले, की ती हसायला लागली. "मावशी, यू आर हँग्री. हंग्री प्लस अँग्री." मी म्हटलं, गप्प बस आणि बोट दे.

ऊन उतरायला लागलं, तसा आकडाही. शंभर. मग नव्वद. पार्सिपनीहून आई फोनवर श्वास घेताना ऐकू येत होती. ऐंशी, आणि बाण खाली. बाहेर टेक्सासचा सूर्य हायवेवर तसाच टांगलेला, त्याला कसली घाई नव्हती. मी देवाला म्हटलं, जो कुणी ड्युटीवर असशील तो, एवढा एक तास सांभाळून घे. मग अडुसष्ट. मी काही बोलले नाही. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि माझ्यासारख्या बाईला ते न बोलणं किती जड गेलं, ते मलाच माहीत.

तिने आकडा बघितला. खिडकीतून उन्हाकडे बघितलं. मग स्वतः हात लांब केला, ज्यूसचा डबा घेतला, नळी खोचली, हळूच बिस्मिल्ला म्हटलं आणि प्यायली. सगळा. फोनवर आई रडायला लागली. "अम्मी, इट्स ओके," ती म्हणाली. "आय ॲम फाइन."

मी म्हटलं, "शहाणी गं माझी बाई." आणि पाण्याची बाटली घ्यायला वळले, कारण आता माझं काय राहिलं होतं?

तिने माझा हात धरला. "तुम्ही नका सोडू."

"अगं, माझं कुठे काय? मी तुमच्यातली नाही, माझं काही मोजलं जात नाही. ना इकडे, ना तिकडे."

"आय नो. तरी."

मी बाटली ठेवून दिली. तो एक तास आम्ही दोघी खिडकीशी बसलो. ती बरी दिसत होती, गालांवर रंग आला होता. मी मात्र घड्याळावर चिडत होते, ह्यांच्यावर चिडत होते, बडी आपाच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या कांद्याच्या भज्यांच्या वासावर चिडत होते. मग हॉलमधून अजान ऐकू आली. तिने वाटीतला एक खजूर उचलून माझ्या हातावर ठेवला आणि मी तो तोंडात घालेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "शेवटचा तास कसा असतो?"

मी घास गिळला. "चांगला असतो की."

"नाही. खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

मग मी खरं सांगितलं. म्हटलं, डोकं फुटत होतं. जीभ टाळूला चिकटली होती. एकदा वाटलं, गेला तो रोजा खड्ड्यात, बाथरूममध्ये जाऊन नळाला तोंड लावावं, कोण बघतंय. मग ते वाटणं गेलं. नंतर भूकही कुठे गेली कळलं नाही. सगळं शांत झालं, ट्रकसुद्धा. आणि अजान झाली, तेव्हा क्षणभर वाटलं, अजून थोडं चाललं असतं.

ती डोळे मिटून ऐकत होती.

"हं," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, असंच असणार."